ओट्यावरची हरकत

२० नोव्हेंबर

गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर नगरपरिषदेची नोटीस. इंग्लिश स्पीकिंगच्या जाहिरातीखाली अर्धी दबलेली. खांबाला सगळ्या बाजू मोकळ्या असताना लावणाऱ्याने नेमकी गटाराकडची बाजू निवडली. वाचण्यासाठी मला गटारावरच्या हलत्या फरशीवर उभं राहावं लागलं. लोकांनी वाचू नये म्हणून लावलेली जाहीर नोटीस.

मजकूर असा. आमचे शेजारी बाळासाहेब वाघचौरे जुनं घर पाडून तीन मजले बांधणार. खाली दुकानं. गल्लीच्या बाजूने आणि शेजारच्या बाजूने जी मोकळी जागा सोडावी लागते, तीत सूट मिळावी, 'विशेष बाब म्हणून'. कोणाची हरकत असल्यास महिन्याच्या आत लेखी द्यावी.

शेजारची बाजू म्हणजे आम्ही. दोन घरांमधला बोळ बुजणार. माझ्या पुस्तकांच्या खोलीला उजेड येतो तो त्याच बोळातून.

बाळासाहेब साखर कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. तीन मजले कोणाच्या जोरावर? 'विशेष बाब' या दोन शब्दांनी या देशात जेवढं पाडलं, तेवढं भूकंपाने पाडलं नसेल. (वाक्य बरं आहे. कुठेतरी वापरावं.)

आणि सुशीला, त्यांची बायको, मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासूनची मैत्रीण, आज दुपारभर आमच्या ओट्यावर मेथी निवडत बसली होती. सगळ्या गावाच्या गोष्टी झाल्या. नोटिशीचा 'न' नाही.

२१ नोव्हेंबर

मनोहरला सांगितलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "त्याचं घर आहे, बांधू दे की."

"प्रश्न घराचा नाही, नियमाचा आहे."

"तुझा प्रश्न घराचा कधी असतो?"

नवरा पोस्टात होता. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं न उघडता पोचवली. कुतूहल म्हणून नाही त्याला कशाचं.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

चर्चची दर गुरुवारची घरगुती प्रार्थना आज कोपऱ्यावरच्या सिंधूआजींकडे होती. सगळी गल्ली आली. गाणी झाली, प्रार्थना झाली, चहा आला. मी बाळासाहेबांना सगळ्यांसमोरच विचारलं. मागून बोलायचं मला जमत नाही.

"बाळासाहेब, दुकानं कोणाची होणार?"

"माझीच की."

"आणि पैसा?"

"देव देतो." सगळे हसले.

"देवाचं ऑफिस नगरला आहे का? परवा नगरहून आलेल्या पांढऱ्या गाडीतून कोणी तरी तुमच्या घराचे फोटो काढत होतं."

बाळासाहेबांनी बशी तोंडाला लावली, खाली ठेवली. "शालूताई, तुमचा च्या गार व्हतोय."

म्हणजे आहे काही तरी.

२४ नोव्हेंबर

न.प.त गेले. नकाशा बघायला मागितला. टेबलावरचा क्लार्क म्हणाला, साहेब मीटिंगला. मीटिंग कुठे? माहीत नाही. नकाशा दाखवायला साहेब कशाला हवेत? "मॅडम, माहिती अधिकारात अर्ज टाका ना."

अर्ज टाकला. निवडणुका कधीच्या रखडल्यात. एकही नगरसेवक नाही, सगळं प्रशासकसाहेबांच्या एका सहीवर. पूर्वी निदान जाब विचारायला एखादा माणूस सापडायचा, मग तो चोर का असेना. आता बोलायचं कोणाशी, खुर्चीशी?

एवढं मात्र कळलं: नकाशा काढलाय ढवळे इंजिनिअरने. गावातलं प्रत्येक दुसरं घर ढवळेच्या कागदावर आधी उभं राहतं, मग जमिनीवर.

येताना स्टँडसमोर उसाच्या ट्रॉल्यांत रिक्षा अडकली. कारखाने सुरू झाले की या गावाचा रस्ता दोन हात कमी होतो. त्यावर दुकानं काढणार आमच्या गल्लीत. गिऱ्हाइकांच्या गाड्या काय छपरावर लावणार?

२७ नोव्हेंबर

सुशीला आपणहून बोलली. कपडे वाळत घालताना, भिंतीपलीकडून. चेहरा चादरीआड.

नगरचा एक माणूस बांधून देणार. वरचा मजला आणि एक दुकान वाघचौऱ्यांना, बाकी त्याचं. लिफ्ट पण बसवणार आहे म्हणे.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? तू भाषण केलं असतंस."

"सुशीला, तो माणूस आज तुमचं घर घेतोय. उद्या सिंधूआजींचं. परवा आख्खी गल्ली."

"घेतोय कुठं, देतोय. पत्र्यातनं पानी गळतंय, बोळाकडची भिंत फुगलीय. पोरगं पुण्यात हाय, त्याचं त्यालाच पुरत न्हाई. शालू, आमच्याकडं काय हाय गं ह्या जागेशिवाय? तुमाला पेन्शन तरी दोघांची हाय."

व्यासपीठावर मला या प्रश्नाचं उत्तर येतं. भिंतीशी उभी असताना मी फक्त तिच्या चादरीचं टोक सरळ केलं.

पण संशय खरा निघाला, हे इथे नोंदवून ठेवते. माणूस नगरचा, पैसा नगरचा, नाव फक्त बाळासाहेबांचं.

२९ नोव्हेंबर

आजचा पाहुणा: स्वतः ढवळे. न बोलावता. ओट्यावरच टेकला, आत या म्हटलं तरी आला नाही. श्रीगोंद्याला महिला मेळाव्यात मी बोलले त्याचा व्हिडिओ त्याच्या बहिणीने पाठवला होता म्हणे. "मॅडम, अंगावर काटा आला." माझ्या अंगावर नाही आला. स्तुती करणारा माणूस दारात आला की मी आधी त्याच्या चपला कोणत्या दिशेला तोंड करून आहेत ते बघते.

"तुम्ही हरकत घेणार असं ऐकलं."

"घेणार."

"घ्या. पण एकट्या बाळासाहेबांविरुद्ध नको. शेजाऱ्याचं भांडण वाटतं, साहेब बाजूला टाकतात. तत्त्वाची घ्या. म्हणावं, सगळ्या गल्लीला एकच टेप लावा. मग बघा कसे हलतात."

"नकाशा तुमचा आणि हरकतही तुमची? तुम्ही नेमके कोणाकडचे?"

"मी दोन्हीकडचा, मॅडम. नकाशा काढणाऱ्याला बाजू नसते."

गेल्यावर बराच वेळ विचार करत बसले. हा का आला? याला काय मिळणार? पण 'एकच टेप' हे मात्र बरोबर आहे. माणूस संशयास्पद असला म्हणून त्याने सांगितलेली खरी गोष्ट खोटी होत नाही.

१ डिसेंबर

हरकत लिहिली. एका बैठकीत. एका अर्जदाराला विशेष बाब म्हणून सूट देण्याऐवजी संपूर्ण गल्लीस मंजूर रेखांकनाप्रमाणे एकच नियम, एकच मोजमाप लावण्यात यावे.

घरोघर फिरून सह्या घेतल्या. कोणी वाचलं नाही. "तुम्ही लिहिलंय ना बाई, मग झालं." सिंधूआजींनी डोळ्याजवळ कागद नेऊन अक्षर लावत लावत नाव लिहिलं. अंगठ्याला तयार नाहीत.

मनोहरने सही केली नाही. "मी शेजारी आहे, पक्षकार नाही." हरकत सोमवारी न.प.त देणार.

३ डिसेंबर, रविवार

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी पाच मिनिटं दिली. मी जास्त घेतली. चर्चच्या पायऱ्यांवरून बोलले. नियम एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा असेल, तर तो नियम नाही, ती मेहेरबानी आहे. आणि मेहेरबानीवर जगणाऱ्या वस्तीला उद्या मेहेरबानीनेच उठवतात. टेप लावायची तर पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत लावा. माझ्या दारातून सुरुवात करा.

टाळ्या. चर्चच्या आवारात सहसा वाजत नाहीत. बाळासाहेब मागे निंबाखाली उभे होते. हस्तांदोलनाला न थांबता गेले. सुशीला जाताना माझ्याकडे बघून गेली. राग नव्हता. माझी कीव करत असल्यासारखं काही तरी. ते राहून राहून आठवतंय.

७ डिसेंबर, गुरुवार

पाळीप्रमाणे प्रार्थना बाळासाहेबांच्या घरी, आणि पाळीप्रमाणेच बोलायचं मी. वर्षाच्या सुरुवातीला पाळ्या लावतात, तेव्हा कोण कोणाशी भांडणार ते माहीत नसतं. बायबलमधला शास्त्रपाठही शेजाऱ्याबद्दलचा.

जायचं नाही असा विचार केला होता. मनोहर म्हणाला, "नाही गेलीस तर ते घरचं भांडण. गेलीस तर तत्त्व." गेले.

सुशीलाने माझी खुर्ची दाराजवळ ठेवली होती, जिथे नव्या लोकांना बसवतात. मी थोडक्यात आटोपलं. आयुष्यातलं सर्वांत लहान भाषण. भिंत खरंच फुगलेली आहे. कॅलेंडर तिच्यावर सपाट टेकत नाही, मागे पोकळी राहते.

शेवटची प्रार्थना घरधन्याने करायची असते. बाळासाहेब उभे राहिले, डोळे मिटले. "प्रभू, ज्यांच्या घरात उजेड कमी पडायला लागलाय, त्यांना तू उजेड दे."

सगळे म्हणाले, आमेन. मीसुद्धा.

चहा पहिला मला दिला सुशीलाने. साखर जास्त.

१२ डिसेंबर

न.प.चे लोक आले. टेप, रंगाचा डबा, फाइल. इतक्या लवकर? जिथे नकाशा दाखवायला साहेब सापडत नाहीत, तिथे मोजणी आठवडाभरात?

मी खूश होऊन बाहेर आले, हेही लिहून ठेवते. त्यांना पाणी दिलं. म्हटलं, माझ्या दारातून सुरुवात करा.

केली. टेपचं एक टोक गल्लीच्या मध्यावर, दुसरं आमच्या भिंतीकडे. एकाने आकडा सांगितला, दुसऱ्याने लिहिला, तिसऱ्याने ओटा जिथे भिंतीला मिळतो तिथे लाल रेघ मारली. रेघेच्या गल्लीकडच्या बाजूला आख्खा ओटा.

"हे काय?"

"मंजूर रेखांकनात, म्हणजे गल्लीच्या मूळ नकाशात, इथं मोकळी जागा आहे, मॅडम. ओटा दाखवलेला नाही."

"हा ओटा माझ्या सासऱ्यांनी बांधलाय."

"व्हय, पन कागदावर न्हाई ना," रंगाचा डबा धरलेला म्हणाला.

मग पुढचं घर. मग पुढचं. एकाच गवंड्याच्या हातची गल्ली, सगळ्यांचे ओटे सारखे, सगळ्यांना रेघही सारखी. कोणी तरी विचारलं, कोणी सांगितलं हे मोजायला? त्या रंगवाल्याने साधेपणाने माझ्याकडे बोट केलं. "बाईंचा अर्ज हाय. समद्यांच्या सह्या हायेत."

रेघ बाळासाहेबांच्याही ओट्याला लागली. पण त्यांना काय? ते घरच पाडणार आहेत.

१३ डिसेंबर

कोणी बोलत नाही. दूधवाला सोडून.

संध्याकाळी सिंधूआजी काठी टेकत आल्या. ओट्यावर बसल्या नाहीत, खालीच उभ्या राहिल्या.

"बाई, ओटा तोडला तर माणूस ठेवायचं कुठं?"

आमच्या घरांत दारातून आत गेलं की लगेच अरुंद वळण आहे. शवपेटी त्या वळणातून आत जात नाही, कधीच गेलेली नाही. या गल्लीत गेलेलं प्रत्येक माणूस शेवटचं ओट्यावर ठेवलं गेलं. सासूबाई इथेच होत्या, सकाळपासून, माझ्या लग्नातली शाल पांघरून. सुशीलाचे सासरे तिकडे, पलीकडच्या ओट्यावर. मोकळी जागा, सामासिक अंतर, रेखांकन, हे सगळे शब्द मी अर्जात लिहिले. हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी काय फक्त पुस्तकांतच राहते?

आजींना म्हटलं, तोडू देणार नाही. म्हणाल्या, "आता परत भाषन नगं करू."

१८ डिसेंबर

घरोघर नोटिसा. मुदतीत ओटा स्वखर्चाने काढा, किंवा सूट मिळण्यासाठी अर्ज करा. म्हणजे बाळासाहेबांनी जे मागितलं, ज्याविरुद्ध मी चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहिले, तेच आता सगळ्या गल्लीने मागायचं.

दुपारी सिंधूआजींच्या घरात ढवळे बसलेला दिसला. मांडीवर नकाशा, बाजूला चहा. सगळ्यांचे अर्ज तोच तयार करतोय. मी दारातच गाठलं.

"हे तुम्हाला माहीत होतं."

"मॅडम, ओटे सगळ्यांना दिसतात. मला एकट्याला नाही."

"एकच टेप हे वाक्य तुमचं होतं."

"वाक्य माझं. टाळ्या तुमच्या."

"कोणासाठी केलंत? तुमच्या धंद्यासाठी, की त्या नगरच्या माणसासाठी?"

त्याने पेन्सिल कानाला लावली. "मी नकाशे काढतो," एवढंच म्हणाला. आजी मधेच, "बाई, त्याला लिहू दे. मुदत हाय."

आजच सकाळी ती पांढरी गाडी पुन्हा आली होती. तो नगरचा माणूस दोन घरी विचारून गेला म्हणे, ओटा गेल्यावर विकायचा विचार आहे का.

साखळी अशी दिसते: ढवळे माझ्याकडे येतो, मी बोलते, गल्ली मोजली जाते, ओटे जातात, घरं स्वस्त होतात, नगरचा माणूस येतो. किंवा मग ढवळेला कामं हवी होती आणि गाडी योगायोगाने आली. दोन्ही मांडणीत मधल्या जागी मीच. एवढी वर्षं लोकांना सांगत आले की कोण बोलतोय ते बघू नका, कोण बोलायला लावतोय ते बघा.

२४ डिसेंबर

नाताळची गाणी गाणारी मंडळी आली. ढोलकी, पेटी, टाळ. दरवर्षी ओट्यावर चढतात, दार उघडलं की आत डोकावून गातात. यंदा प्रत्येक घरी चढले. आमच्याकडे खाली गल्लीतच उभे राहिले. गाणं पूर्ण म्हटलं, एकही कडवं गाळलं नाही. करंज्यांचं ताट मी खाली घेऊन गेले. एकेकाने एकेक घेतली. ताट जवळजवळ भरलेलंच परत आलं.

मनोहरने बाहेर चांदणी लावली आहे. तिचा उजेड लाल रेघेवर पडतो.

३ जानेवारी

सुशीला नळावर. सहज बोलल्यासारखी: "मनोहरभाऊंनी बरं केलं, वेळेत अर्ज दिला."

"कसला अर्ज?"

"सूट मागायचा. ओट्याला." मग माझा चेहरा बघून, "अगं, तुला म्हाईत न्हाई व्हय?" ती खोटं बोलत नव्हती. की बोलत होती? मला मुद्दाम सांगायला आली होती का? आता प्रत्येक वाक्य उलटं करून त्याची शिवण बघायची सवय लागली आहे.

घरी आले. घर मनोहरच्या नावावर आहे, सही त्याचीच लागते, आणि त्याने केली. ढवळेच्या पेनने.

"मला विचारलं नाहीस."

"तू मला सभेआधी विचारलं होतंस?"

"मी जाहीर बोलले आहे. माझ्या दारातून सुरुवात करा म्हणून. आणि माझाच नवरा विशेष बाब मागतो?"

"तुझ्या तत्त्वाला ओटा लागत नाही, शालू. मला लागतो. सकाळी पेपर वाचायला, संध्याकाळी लोक बघायला. आणि मेल्यावर मला ओट्यावरून जायचंय, बोळातून नाही."

रात्री जेवायला बसलो. भाजीत मीठ नव्हतं. त्याने मागितलं नाही, मी दिलं नाही.

८ जानेवारी

दोन कागद लिहिले.

एकात: ओटा हा या वस्तीच्या जगण्यामरण्याचा भाग आहे, सूट द्यावी. अगदी बरोबर. पण साहेब सगळे अर्ज एकत्र ऐकणार आहेत, एकाच नियमाने. आम्हाला सूट म्हणजे बाळासाहेबांनाही सूट. दुकानं, तीन मजले, बोळ बंद, नगरचा माणूस पक्का.

दुसऱ्यात: अर्जदार मनोहर साळवे यांना सूट देऊ नये. हेही बरोबर. पण मग ओटे गेले, सिंधूआजी कुठे जाणार, आणि घरं कवडीमोलाने कोणाकडे जाणार? पुन्हा नगरचा माणूस.

कोणत्याही दारातून गेलं तरी तो आत बसलेलाच आहे. इतकी पुस्तकं वाचली, लोकांना अन्यायाच्या शंभर तऱ्हा समजावून सांगितल्या. हा पेच कोणी लिहून ठेवलेला दिसत नाही.

मनोहरने चहा ठेवला, दोन्ही कागद वाचले. "कोणता देतेस?"

"जो मी पायऱ्यांवर बोलले तो."

"बरं," म्हणाला. "क्लार्क एकला जेवायला जातो. आधी गेलेलं बरं."

९ जानेवारी

मनोहरच स्कूटरवर घेऊन गेला. त्याच्याविरुद्धची हरकत द्यायला. वाटेत पेट्रोल भरलं.

क्लार्कने वाचलं. "हरकत कोणाविरुद्ध, मॅडम?"

"लिहिलंय ना. अर्जदार मनोहर साळवे."

"त्यांच्याशी नातं?"

"नवरा."

त्याने आतल्या दोघांना बोलावलं. तिघांनी मिळून वाचला कागद. एकाने मागे उभ्या मनोहरकडे बघत विचारलं, "काका, तुमी कोन?"

"मी तो अर्जदार," मनोहर म्हणाला. "पोच द्या बाईंना. शिक्क्यासकट."

बाहेर येऊन दोघं हसलो. बऱ्याच दिवसांनी. मग मला आठवलं की मी अजून चिडलेली आहे.

१९ जानेवारी

सुनावणी. न.प.च्या वरच्या हॉलमध्ये सगळी गल्ली प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. पंखा बंद, तरी गार. साहेब तरुण आहेत, नम्र आहेत. नम्र अधिकारी मला जास्त काळजीचा वाटतो. ढवळे भिंतीला टेकून उभा, कोणाकडेच न बघता.

आमचं प्रकरण आधी निघालं. साहेबांनी फाइल बघितली, आमच्याकडे बघितलं.

"तुम्ही दोघं एकाच घरात राहता?"

"हो."

"मग हे घरी मिटवता आलं नसतं का?"

हॉल हसला. मी उठले. "साहेब, घरातलं घरात मिटवायची सवय आहे म्हणूनच या गावात नियमांची ही दशा आहे. मी सगळ्यांना एक टेप मागितली. ती माझ्या ओट्याला लागली म्हणून मी ती आखूड करा म्हणणार नाही."

कोणी टाळी वाजवली नाही. सिंधूआजींनी मान फिरवली. मी बसले. इतक्या सभा केल्या, असं कधी झालं नव्हतं.

"आणखी कोणाला या अर्जावर बोलायचंय?"

बाळासाहेब उठले. मला वाटलं, आता मला फैलावर घेणार. घ्यायलाच हवं होतं. मी त्यांच्या जागी असते तर सोडलं नसतं.

"साहेब," ते म्हणाले, "ह्या बाईंचा ओटा ऱ्हाऊ द्या. त्यांची सासू तिथनं गेली, मी खांदा दिलेला हाय. माझं मागाहून बघा, न्हाई बघितलं तरी चालंल. पर गल्लीचे ओटे ऱ्हाऊ द्या."

खाली बसले. सुशीला त्यांच्याकडे बघत राहिली, तिलाही माहीत नसावं. नगरचा माणूस आलेला नव्हता, निदान मला दिसला नाही. ढवळेने पहिल्यांदाच मान वर केली. चकित झाला होता? की झाल्यासारखं दाखवत होता?

साहेब म्हणाले, निर्णय राखून ठेवतो.

येताना स्कूटरवर मागे बसून तेच एक. आमचा ओटा राहिला तर त्यांचे मजले राहतात. हे त्यांना कळत नसेल? फिटर माणूस, कुठला नट सैल केला की कुठलं चाक फिरतं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. कोणी शिकवून पाठवलं असेल. आणि नसेल शिकवलं तर? तर एक माणूस स्वतःचं घर पणाला लावून, ज्या बाईने त्याला भर चर्चमध्ये आरोपीसारखं उभं केलं, तिच्यासाठी बोलला. हे खरं असू शकतं. मला ते खरं मानता येत नाही, एवढंच.

मनोहरला विचारलं. "मला मागचं ऐकू येत नाही," म्हणाला. वारा होता खरा.

२९ जानेवारी

निकाल नाही. क्लार्क म्हणतो, साहेबांच्या बदलीची चर्चा आहे. नवे येतील, ते पुन्हा ऐकतील. किंवा हेच जाता जाता सही करतील. कशावर ते कोणालाच माहीत नाही.

सकाळी बाळासाहेब बोळात होते. फुगलेल्या भिंतीला बाहेरून लाकडी टेकू लावत होते. मी खिडकी उघडली. आमच्यात हातभर अंतर.

"बाळासाहेब, त्या दिवशी तुम्ही तसं का बोललात?"

टेकूवर दगड मारून तो बसवला. हलवून बघितला. मग म्हणाले, "तुमाला काय वाटतं?"

"मला दोन गोष्टी वाटतात."

"मग त्यातली एक घ्या," ते म्हणाले, आणि दुसरा टेकू आणायला गेले.